उघडंना झालंय

सकाळी सव्वासहा

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेल्या म्हशीच्या दुधाचा पेला नुकता तोंडाला लावला होता. मिशीवरचा फेस पुसायच्या आत मागून हाक आली, "काय ओ नेटवाले, रात्री मॅच दिसंना झाली की!"

पेठेत माणसाला धंद्यावरनं नाव पडतं. मी २०११ पासून एका लहानशा स्थानिक इंटरनेट कंपनीत तक्रारींचं टेबल सांभाळतो, म्हणून मी नेटवाला. लग्नात गाठ पडो, तालमीत पडो नाहीतर मयतीला, पहिलं वाक्य नेटचंच असतं.

"कुठं बघत होता मॅच?" मी विचारलं. गडी जरा चपापला. फुकटात दाखवणारी कसलीतरी साइट होती, नाव त्यालाही धड सांगता येईना. मोठी स्पर्धा तोंडावर आली की प्रसारणाचे हक्क घेतलेली कंपनी हायकोर्टात जाते आणि असल्या साइटी बंद करायचा हुकूम आणते. दिल्ली हायकोर्टानं २०१९ मध्ये त्यात एक नवी सोय केली. बंद केलेली साइट नावात एक अक्षर बदलून परत उगवली, तर नवा दावा लावायची गरज नाही, ते नाव आधीच्याच यादीत घालता येतं. त्यामुळं सामना चालू असताना यादी वाढते आणि इकडं गडी नवी नावं हुडकत बसतात. कट्ट्यावरच्या गड्याला एवढं सगळं सांगितलं. त्यानं पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. तुमी का बंद केलासा, ते सांगा."

साडेआठ

राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत लोखंडी रॅक, त्यावर लुकलुकणारे दिवे, वर अंबाबाईचा फोटो आणि कोपऱ्यात रात्रपाळीचा पोरगा चादर ओढून. बाहेरच्या खोलीत मी, दोन फोन आणि तक्रारी नोंदवायचा संगणक.

आमच्याकडं तक्रारी दोनच जातीच्या. एक, "नेट गेलंय". उंदरानं वायर कुरतडलेली असते, जेसीबीनं खणताना तोडलेली असते, वीज मंडळाच्या माणसांनी खांब बदलताना खाली सोडलेली असते. गणपतीत तर मिरवणुकीची उंच मूर्ती गल्लीतल्या वायरी गळ्यात घालूनच पुढं जाते. ही तक्रार मला आवडते. राउटरवर लाल दिवा लागतो, लाइनमन शिडी घेऊन जातो, तासाभरात दिवा हिरवा.

दुसरी जात, "साइट उघडंना झालंय". हिरवा दिवा शाबूत, यूट्यूब पळतंय, व्हॉट्सअॅप येतंय, पण एकच दार बंद. तिथं शिडी लावायची कुठं?

मेल उघडला. दूरसंचार खात्याकडनं कळवलेली यादी आलेली. आमचा परवाना सगळ्यात खालच्या 'क' वर्गातला, म्हणजे एका जिल्ह्याएवढ्या हद्दीचा, पण आदेश पाळायची सक्ती देशभर पसरलेल्या कंपन्यांएवढीच. यादीतली नावं बंद करायची आणि केली म्हणून कळवायचं. काही याद्या कोर्टाच्या असतात, त्यांत निदान दाव्याचा क्रमांक तरी असतो. बाकीच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखालच्या. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशी ठरावीक कारणं त्या कलमात दिली आहेत, पण अमुक साइटीला त्यांतलं कुठलं लागू झालं ते आमच्यापर्यंत येत नाही. २००९ च्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की तक्रार आणि त्यावरची कारवाई गुप्त ठेवायची. म्हणजे मला कारण माहीत नाही, आणि माहीत झालंच तरी बोलायची चोरी.

२०१४ मध्ये या कलमाखाली देशभरात ४७१ पत्ते बंद झाले होते. २०२० मध्ये ९,८४९. त्यात अख्ख्या साइटी आल्या, सुट्या पोस्टी आल्या, कुणाकुणाची खातीही आली. हे आकडे सरकारनंच दिलेले.

सव्वानऊ

शिरोली एमआयडीसीतून एका फाउंड्रीचा फोन. पुण्याच्या कंपनीनं कास्टिंगचं ड्रॉइंग पाठवलंय, फाइल मोठी, पाठवलेली लिंक उघडेना. "भट्टी तापत आल्या साहेब, आन तुमची साइट झोपल्या."

मला लगेच मे २०२० आठवला. टाळेबंदी, सगळं काम घरातून, आणि ऐन त्यातच मोठ्या फाइली पाठवायची वीट्रान्सफर ही साइट बंद करायचा आदेश आला. तेव्हा शिरोली आणि गोकुळ शिरगावातनं दिवसाला पंधरा-वीस फोन यायचे. लोकांनी काय केलं? ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घातलं आणि नाक्यावरच्या पोलिसाला पास दाखवत मोटारसायकलनं पोचवलं. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरची मूळ साइट बंद झाली, तेव्हाही तेच. लग्नाचे व्हिडिओ करणारे फोटोग्राफर ते सॉफ्टवेअर एकमेकांना पेनड्राइव्हवरनं वाटत होते. ती बंदी त्या वर्षी नोव्हेंबरात उठली, तीही दिल्लीच्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं व्हीएलसीवाल्यांनी कायदेशीर नोटीस धाडल्यावर. आमच्या फोटोग्राफरांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांचं काम कधीचं भागलं होतं.

आज मात्र मी मनातल्या मनात सरकारला दोष देऊन मोकळा झालो आणि तोंडावर पडलो. पोरगा शिरोलीला जाऊन आला. फाउंड्रीच्या हिशेबनिसानं नवीन अँटीव्हायरस बसवला होता, त्यानंच लिंक अडवलेली. हेही सांगायला हवं, नाहीतर उठसूट सगळ्यालाच बंदी म्हणायची खोड लागते. उघडत नसलेल्या साइटींपैकी कितीतरी आपल्याच घरात अडलेल्या असतात, नाहीतर मालकानं भाडं न भरल्यानं मेलेल्या असतात. अडचण अशी की बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. पांढरं पान, आणि त्यावर एक इंग्रजी ओळ.

साडेदहा

नवीन लागलेल्या पोरीला यादी कशी घालायची ते शिकवत होतो. तिनं विचारलं, "बंद करायचं म्हणजे नेमकं करायचं काय?"

मी तिला महाद्वार रोडवर नेलं, म्हणजे बोलण्यात. परगावचा माणूस येतो आणि पानपट्टीवाल्याला विचारतो, अमुक सोनाराचं दुकान कुठं? पानपट्टीवाला खुशाल सांगतो, असलं दुकानच नाही इथं. दुकान आहे, उघडं आहे, सोनार आत बसलाय, पण विचारणारा माघारी जातो. साइटीच्या नावावरनं तिचा आकडी पत्ता सांगणारी जी यंत्रणा असते, डीएनएस, ती आमची पानपट्टी. तिला खोटं बोलायला शिकवणं ही सगळ्यात स्वस्तातली बंदी. तिच्यावरचा उतारही तितकाच स्वस्त. गिऱ्हाईक दुसऱ्या पानपट्टीवर जाऊन विचारतं.

म्हणून मोठ्या कंपन्या पुढची पायरी वापरतात. आजकाल बहुतेक साइटींशी होणारं बोलणं बंद पाकिटातनं जातं, आतला मजकूर आम्हाला दिसत नाही. पण पाकिटावर साइटीचं नाव उघडं असतं. ते वाचायचं आणि पाकीट तिथंच फाडायचं. मग पानपट्टी कितीही बदला, उपयोग नाही.

"पण यादीत तर एकाच पानाचा पत्ता आहे," पोरगी म्हणाली. हुशार आहे. तीच तर गोम आहे. पाकिटावर फक्त घराचं नाव असतं, खोलीचं नसतं. एक खोली बंद करायला सांगितली की आमच्यासारख्याला अख्खा वाडा बंद करावा लागतो. आणि पाकिटं आली नव्हती तेव्हाही आळस होताच. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, त्यानंतर सरकारनं मोजक्या पानांची यादी काढली आणि कंपन्यांनी सबंध ब्लॉगस्पॉट बंद करून टाकलं. पाककृती लिहिणाऱ्या बायका आणि कविता लिहिणारे मास्तर सगळे एकाच कुलपात. २०१४ च्या डिसेंबरात मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या सांगण्यावरनं ३२ साइटी गेल्या. त्यांत गिटहब होती, म्हणजे जगभरचे प्रोग्रामर आपापलं काम जिथं ठेवतात ते कोठार. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या पोरांचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तिथं. त्यांचा आणि कुठल्या अतिरेक्याचा संबंध काय, हे मला त्या आठवड्यात निदान चाळीस जणांनी विचारलं असेल.

पावणेबारा

या वेळेला एक ठरावीक जातीचा फोन येतो. बायको बाजारात, पोरं शाळेत.

"हॅलो... जरा एक विचारायचं होतं."

"बोला की."

"ते... हे चालंना झालंय."

"हे म्हणजे?"

"हे ओ. आपलं ते."

चौदा वर्षांत या प्रकाराचं नाव एकाही गिऱ्हाइकानं उच्चारलेलं नाही, आणि मला ते समजलं नाही असंही कधी झालेलं नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये ८५७ अश्लील साइटी एका झटक्यात बंद झाल्या होत्या, तेव्हा तर फोनला उसंत नव्हती, आणि तरीही फोनवर त्या शब्दाचा आवाज नव्हता. एका गृहस्थानं "मुलाच्या अभ्यासाची साइट" म्हणून तक्रार नोंदवली होती. चार-पाच दिवसांत सरकारनं तो आदेश सैल केला. मग २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाच्या आदेशानंतर ८२७ पुन्हा बंद, त्या आजतागायत. हा गिऱ्हाइकांचा सगळ्यात मोठा वर्ग असावा, पण मोर्चा काढणं लांबच, त्यांना तक्रारही तोंडानं करता येत नाही. सुरुवातीला कुणाची साइट बंद करावी, हे ठरवणाऱ्याला चांगलं कळत असणार.

"वरनंच बंद आहे," मी सांगितलं.

"वरनं म्हणजे?"

"सरकारकडनं."

"बरं बरं, ऱ्हाऊ दे." फोन आपटल्याचा आवाज.

दीड

डबा उघडला. लाइनमन मामा उन्हातनं आलेले, हातावर वायरीचे ओरखडे. जेवताना विषय निघाला २०२३ च्या जूनचा. दर वर्षी शिवराज्याभिषेक दिन आला-गेला की कुणीतरी तो काढतंच.

६ जूनला, त्या दिवशीच, काही पोरांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरनं शहरात ठिणगी पडली. ७ तारखेला बंदची हाक, शिवाजी चौकात जमाव, मग दगडफेक, लाठीमार. आणि इंटरनेट बंद. एकेक साइट नव्हे, सगळंच. मामा तेव्हा लक्ष्मीपुरीत एका दुकानात वायर ओढत होते. ते सांगतात, आधी शटरं पडल्याचा आवाज आला, मग सगळ्यांनी मोबाइल वर धरून हलवायला सुरुवात केली, जणू रेंज झाडावरनं पडणार आहे.

दुसऱ्या दिवशी मला कळलं की आपलं शहर किती पातळ दोऱ्यावर चालतंय. बंदमुळं दुकानं बंद असतात हे आपल्याला पाठ आहे, पण उघडी दुकानंही अडली. भाजीवालीपुढं क्यूआरचा कागद, तिच्या पिशवीत सुटे नाहीत, गिऱ्हाइकाच्या खिशात नोट नाही. डिलिव्हरीची पोरं गाडीला टेकून नुसती उभी. दवाखान्यातल्या नातेवाइकाला रिपोर्टचा फोटो पाठवता येईना. आणि अफवा? ज्यांना थांबवायला हे सगळं केलं, त्या चालत आल्या. माझ्या शेजारणीला दुधवाल्यानं सांगितलं, तिनं मला सांगितलं, आणि ते खोटं आहे हे दाखवायला माझ्या हातात काही नव्हतं. तणाव होता हे मी डोळ्यांनी बघितलंय, पोलिसांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. एवढं मात्र दिसलं की दगड मारणाऱ्याला नेट लागत नव्हतं, ते लागत होतं घरी अडकलेल्यांना.

त्या वर्षी भारतात अशी बंदी ११६ वेळा झाली, अॅक्सेस नाऊ या संस्थेच्या मोजणीत. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्ये, काश्मीरच्या अनुराधा भसीन प्रकरणात, सांगून ठेवलंय की असे आदेश लोकांना दिसतील असे जाहीर करायचे, म्हणजे कुणाला दाद मागायची तर मागता येईल. त्या दोन दिवसांत माझ्या टेबलावर शेकडो फोन आले. कधी सुरू होणार, हे सगळ्यांनी विचारलं. आदेश कुठं बघायला मिळेल, असं एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

मामांनी भाकरीचा तुकडा मोडत वेगळंच काढलं. "पुराच्या वक्ताला कोण शिव्या देत नव्हतं बघा."

खरं आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ फूट. आमचं निम्मं जाळं पाण्यात होतं. आठ-आठ दिवस नेट नव्हतं आणि लोक आम्हालाच फोन करून विचारायचे, "तुमची पोरं बरी हायत न्हवं?" पाणी सगळ्यांना दिसत होतं.

तीन

ताराबाई पार्कातले एक निवृत्त मुख्याध्यापक, आमचे जुने गिऱ्हाईक, स्वतः ऑफिसात आले. हातात लॅपटॉप, चेहरा उतरलेला. पडदाभर लाल अक्षरं, वर अशोकस्तंभ, खाली मजकूर: तुम्ही प्रतिबंधित साइट पाहिल्यामुळं संगणकाला कुलूप घातलं आहे, सहा तासांत दंड भरा, नाहीतर अटक. कार्डाचा नंबर टाकायला चौकोनही होता.

"मी फक्त एक जुनं नाट्यगीत शोधत होतो," सर म्हणाले. आवाज कापत होता. अख्खी शाळा ज्यांच्या शिटीला घाबरायची, ते सर.

मी ब्राउझर बंद करून दाखवला. पान गेलं. अर्थातच भामटेगिरी. पैसे गेले असते तर १९३० ला फोन करायला लागला असता, तेवढी वेळ आली नव्हती. पण सरांनी फसावं यात त्यांची चूक किती? खरोखर बंद केलेल्या साइटीवरही कधीकधी असंच पान येतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बंद साइटींवर एक सूचना झळकत होती. तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंड होऊ शकतो, अशी ती भाषा, आणि वाचणाऱ्याला वाटायचं नुसतं बघितलं तरी आत जावं लागणार. तेव्हाही आमचे फोन खणाणले होते. एका बाईनं नवऱ्याचा मोबाइल विहिरीत टाकल्याचं मला सांगितलं होतं.

शेवटी 'ढिशूम' सिनेमाच्या दाव्यात मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या मजकुराचा समाचार घेतला. नुसतं पाहणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही, गुन्हा आहे तो बेकायदा वाटप, जाहीर प्रदर्शन, भाड्यानं देणं असल्या गोष्टींचा. आणि बंद पानावर काय लिहायचं हेही त्यांनी ठरवून दिलं, म्हणजे बंदी कशामुळं आली आणि हरकत असेल तर कुणाकडं जायचं हे वाचणाऱ्याला कळावं. सिनेमावाल्यांनी सरसकट साइटी बंद करून मागितल्या होत्या, त्यांना तपासलेले नेमके पत्ते द्यायला लावले. मी २०११ ला कामाला लागलो त्याच महिन्यात 'सिंघम'साठी दिल्ली हायकोर्टाचा तसलाच आदेश आला होता आणि फाइली ठेवायच्या अख्ख्या साइटी गेल्या होत्या. त्यामुळं पाच वर्षांनी एक न्यायाधीश 'नेमकं सांगा' म्हणतोय हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

आता बंद साइट उघडली तर बहुधा तसं काही दिसत नाही. नुसतं फिरणारं चक्र, किंवा "कनेक्शन तुटलं". खऱ्या बंदीवर नाव, गाव, शिक्का काहीच नाही. भामट्याच्या पानावर अशोकस्तंभ ठसठशीत. सर विश्वास कशावर ठेवणार? पाणी पिऊन ते गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "घरी सांगू नका कुणाला."

पावणेपाच

शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करणारी एक मुलगी आली. सागरमाळावर खोली घेऊन राहते, आमचंच नेट. कागदावर तक्रार लिहून आणलेली, क्रमवार. आमच्या लाइनवर अमुक तारखेपासून उघडत नाही, मैत्रिणीच्या मोबाइलवर कालपर्यंत उघडत होतं, डीएनएस बदलून बघितला, उपयोग नाही.

साइट होती साय-हब. जगभरचे शोधनिबंध, जे एरवी पैसे मोजल्याशिवाय वाचता येत नाहीत, ते तिथं फुकट मिळायचे. कझाकस्तानची अलेक्झांड्रा एल्बाक्यान, तिनं विद्यार्थी असताना २०११ मध्ये ती काढली. डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी तिच्यावर दिल्ली हायकोर्टात दावा लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टानं साइट बंद करायला सांगितली.

"दादा, मला उघडून द्या असं मी म्हणत नाही," मुलगी म्हणाली. "प्रकाशकांचा हक्क आहे, मला कळतंय. पण एका पेपरला तीन-साडेतीन हजार मागतात, आणि मला उपयोगाचा आहे की नाही हे वाचल्याशिवाय कळत नाही."

सरकारनं जानेवारी २०२५ पासून 'एक देश एक सदस्यता' योजना सुरू केली आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं, सरकारी विद्यापीठांना आणि कॉलेजांना खुली. तिला ते माहीत होतं, ती वापरतेही. तिचं म्हणणं, त्या तीस जणांत नसलेल्यांचं काय? आणि तिचा भाऊ गडहिंग्लजकडं खासगी कॉलेजात शिकवतो, त्याला तर ही योजनाच लागू नाही, त्याचं काय?

मग तिनं ते विचारलं. "मला आदेशाची प्रत मिळेल का?"

पेन हातात तसाच राहिला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. लोक शिव्या देतात, बिल भरत नाही म्हणतात, सिम बदलतात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जातात, कारण एका कंपनीची बंद यादी दुसरीशी जुळत नाही. बेंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी सहा मोठ्या कंपन्या तपासून ते २०२० मध्ये छापलंसुद्धा. पोरं व्हीपीएन लावतात. २०२२ मध्ये सरकारनं व्हीपीएन कंपन्यांना गिऱ्हाइकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काहींनी भारतातले सर्व्हरच उचलले, आणि पोरं सिंगापूरमार्गे जाऊ लागली. वाट सगळे काढतात. कोल्हापुरी माणूस तर बंद दिसली की आधी बोळ शोधतो. पण कागद दाखवा म्हणणारं कोण आलं नव्हतं.

मागणारे देशात आहेत, थोडे. तनुल ठाकूर म्हणून एक पत्रकार आहे. हुंड्याची टर उडवणारं 'डाउरी कॅल्क्युलेटर' त्यानं काढलं होतं. नवरदेवाचा पगार, नोकरी टाका, हुंड्याचा आकडा बाहेर. २०१८ मध्ये ते बंद झालं, चेष्टा न कळता. का बंद केलं तो आदेश हातात पडायला त्याला दिल्ली हायकोर्टात जावं लागलं, आणि कोर्टानं प्रत द्या म्हणून सांगेतोवर २०२२ उजाडलं. ज्याची स्वतःची साइट त्याला चार वर्षं. वाचणाऱ्यानं मागितली तर किती, ते कुणी मोजलेलं नाही.

मुलीचं नशीब बरं, तिचा आदेश कोर्टाचा आहे, गुपित नाही. मी दाव्याची नावं आणि दिल्ली हायकोर्टाच्या साइटीवर निकाल कसा शोधायचा ते लिहून दिलं. ती साइट उघडते.

"आणि याच्यावर हरकत घ्यायची असेल तर कोल्हापुरातनं घेता येते का?" तिनं विचारलं. मला हसू आलं. चाळीस वर्षं भांडून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं ते १८ ऑगस्ट २०२५ ला, आणि साय-हबचा दिल्लीतला आदेश त्याच आठवड्यातला. वकिलाला विचार म्हटलं. दिल्लीचा आदेश दिल्लीतच आव्हानायचा असतो असं मला वाटतं, पण मी नेटवाला.

ती गेल्यावर तक्रार संगणकात चढवायला घेतली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्रार मिटवताना कारण निवडावं लागतं. वायर तुटली, वीज नाही, राउटर बिघडला, बिल थकलं, इतर. बंद साइटी 'इतर'मध्ये जातात. मग वरचं बटण दाबायचं: निवारण झालं. आजचे सगळे 'इतर' मी तसेच मिटवले होते. सकाळची मॅचवाली तक्रारही मीच हौसेनं नोंदवून मिटवली होती. या मुलीची उघडीच ठेवली. महिनाअखेरीला मालक विचारतील.

साडेसात

गर्दीची वेळ, सगळी घरी. बावीस फोन. त्यातले एकोणीस "स्लो चाललंय". दोन राउटरवर पोरांनी पाणी सांडलेलं. एक, साइट उघडंना. सट्ट्याची होती. मी न विचारताच सांगितलं, वरनं बंद आहे. "आमाला म्हाईत हाय," तिकडनं उत्तर आलं, "दुसरं नाव म्हाईत हाय का तेवढं सांगा."

रात्री पावणेअकरा

जेवून आडवा झालो तोच फोन. उचगावच्या बाजूला सतराशे घरांचं नेट गेलं, एका फटक्यात. मी उठून बसलो ते, खरं सांगायचं तर, जरा खुशीतच. मामांना घेतलं, स्प्लायसिंग मशीन घेतलं, गाडी काढली.

पाइपलाइनचं काम रात्री चाललेलं. चराच्या कडेला जेसीबी, त्याच्या उजेडात आमची काळी केबल मध्येच तुटून दोन्हीकडं वाकलेली. तिच्या आतल्या रंगीत काचेच्या तारा केसांसारख्या विस्कटलेल्या. मामांनी चटई पसरली, टॉर्च तोंडात धरला आणि एकेक तार पुसून जोडायला बसले. निळी निळ्याला, नारिंगी नारिंगीला. घरांतनं माणसं बाहेर येऊन कठड्याला टेकून बघायला लागली. एकीनं चहा आणला.

जेसीबीचा ड्रायव्हर, बावीस-तेवीसचा पोरगा, लांब उभा होता. मग जवळ आला. "माज्या हातनं तुटली ओ साहेब. दिसलीच न्हाई."

"चहा घे," मी म्हटलं.